सुटे आहेत का?

माणसाचं आयुष्य कोणत्या प्रश्नात गेलं, यावरून त्याचा धंदा ओळखता येतो. डॉक्टरांचं आयुष्य ‘कुठं दुखतंय?’ विचारण्यात जातं, मास्तरांचं ‘हसायला काय झालं?’ विचारण्यात. बँकेच्या कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं आयुष्य ‘सुटे आहेत का?’ या एका प्रश्नात जातं. फरक इतकाच, की डॉक्टर आणि मास्तर आपला प्रश्न दुसऱ्याला विचारतात. आमचा प्रश्न दुसरे आम्हांला विचारतात. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नोट निघाली, तेव्हा तर अख्खा देश एकमेकांना हेच विचारत हिंडत होता आणि उत्तर माझ्या खिडकीत आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. पुढं मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि सुट्यांची मागणी जरा घटली. आता लोक ‘सर्व्हर चालू आहे का?’ असं विचारतात. तरी दिवसाकाठी पाचदहा माणसं निघतातच. मी बी.कॉम. झालो ते लोकांना दहाच्या नोटा देण्यासाठी, अशी माझी आता खात्री झालेली आहे.

पण बँकेतला प्रश्न बँकेत ठेवून घरी यावं, हा माझा नियम. तो प्रश्न एका संध्याकाळी माझ्या पाठोपाठ घरी आला आणि चांगला अकरा दिवस मुक्कामाला राहिला, त्याची ही हकिकत.

झालं असं, की कन्येच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि तिला कोळीण व्हायचं होतं. कोळणीला गळ्यात काहीतरी ठसठशीत हवं. तिनं आजीची निळ्या मण्यांची माळ मागितली आणि आजीनं ती दिली. (हीच आजी माझ्या लहानपणी मला कपाटाला हात लावू देत नसे. नातवंडांच्या बाबतीत व्याजाचे दर निराळे असतात.) कन्येनं माळ घातली, आरशासमोर होडी वल्हवली, तिसऱ्या वल्ह्याला माळ डब्यात अडकली आणि दोरा तुटला.

काचेचे मणी फरशीवर पडतात तेव्हा जो आवाज होतो, तो ऐकल्याबरोबर घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून धावतात. शिस्तीनं एका जागी पडणं मण्यांना माहीत नाही. काही पलंगाखाली गेले, काही कपाटाखाली, एक थेट स्वयंपाकघरात गेला. पुढचा तासभर मी बॅटरी घेऊन पोटावर सरपटत होतो. आमच्या कपाटाखाली काय काय आहे, याची मला त्या दिवशी प्रथमच कल्पना आली.

शेवटी मणी ताटलीत जमा झाले. मी सवयीनं दोनदा मोजले. चोवीस.

“होते किती?” मी विचारलं.

“तीस तरी असतील,” ही म्हणाली.

“पंचवीस,” कन्या हुंदके देत म्हणाली. तिला शिक्षा कमीत कमी व्हायला हवी होती.

“आई, तू सांग.”

“मी कशाला मोजतेय?” आई म्हणाली. “गळ्यात घालायचे की मोजायचे?”

इथं माझा खरा पेच झाला. आमच्याकडे संध्याकाळी कॅश कमी भरली, तर कॅशियर ती पदरची भरतो. पण सकाळी किती होती हे तरी ठाऊक असतं! इथं शिल्लक हातात होती, तूट डोळ्यांना दिसत होती आणि सुरुवातीचा आकडाच कुणाला माहीत नव्हता. मी अल्बम काढला. माझ्या बारशाच्या फोटोत आईच्या गळ्यात ती माळ होती. भिंग लावून मोजले तर मणी सात. मुंजीच्या फोटोत सोळा. बहिणीच्या लग्नातल्या फोटोत पंचवीसपर्यंत मोजता आले, त्यापुढं पदर आडवा आला. तीन फोटो, तीन शिलका. “फोटोग्राफरनं नीट काढले नसतील,” असं म्हणून हिनं अल्बम मिटला. मलाही ते पटलं. हिशेब जुळला नाही की दोष तिसऱ्यावर टाकावा, हे व्यवहाराला धरूनच आहे.

आता त्या माळेबद्दल थोडं सांगायला हवं. बोराएवढे निळे काचमणी, पुढं मणी आणि मागं लाल रेशमाचा गोफ. आईच्या अंगावर सोन्याचं जे काही होतं, ते माझं शिक्षण आणि बहिणीचं लग्न या दोन खात्यांत टप्प्याटप्प्यानं वर्ग झालं. माळ तेवढी राहिली, कारण काच कुणी तारण घेत नाही. सणावाराला आई नेसायची, माळ घालायची आणि सणाची झाल्यासारखी दिसायची. मला ती माळ म्हणजे बाबांनी एखाद्या चांगल्या दुकानातून एकरकमी आणलेला सेट वाटायचा. विचारलं मात्र कधीच नाही.

आणि अकरा दिवसांनी आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती.

“मी काय म्हणते,” रात्री ही म्हणाली, “नवीनच घेऊ या. अख्खा सेट. माळ आणि कानातलं. सगळे मणी एकसारखे. तीसचाळीस माणसं येणार आहेत, तिथं हे तुटकं गाठवून घालण्यापेक्षा आईंना शोभेल असं काहीतरी घ्या.”

“पण जुने चोवीस आहेत ना. वरचे थोडे सुटे मिळाले तर...”

“सुटे जुळत नाहीत हो! रंग जुळला तर आकार जुळत नाही. नंतर घातलेला मणी लांबून ओळखू येतो.”

ही चुकीचं बोलत नव्हती. (ही सहसा चुकीचं बोलत नाही, हीच आमच्या संसारातली अडचण आहे.) मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “तुम्हांला दिसेल तसं करा.” हे वाक्य मराठी आयांनी कधीपासून वापरात ठेवलं आहे कोण जाणे, पण त्याचा अर्थ ‘तुम्हांला दिसेल तसं करा’ असा आजवर एकदाही झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिशात नमुन्याचा एक मणी घालून तुळशीबागेत गेलो. पुरुषानं तुळशीबागेत एकट्यानं जाणं आणि बँकेत पासबुकाशिवाय जाणं सारखंच. कुणी हाकलून देत नाही, पण आपलं इथं काम नाही हे पदोपदी जाणवतं. मण्यांच्या दुकानात छतापासून लडी लोंबत होत्या. मी मणी पुढं केला. दुकानदारानं तो बोटांत फिरवला आणि विचारलं,

“सेटमधले दाखवू की सुटे?”

बावीस वर्षं हा शब्द ऐकून कंटाळलेला मी, आता काउंटरच्या पलीकडल्या बाजूनं म्हणालो, “सुटे आहेत का?”

“आहेत की!” तो म्हणाला. मला त्याचा हेवा वाटला.

त्यानं दोन्ही मांडले. एका बाजूला सेट. साठ मण्यांची लड, एकशेऐंशी रुपये. मणी अगदी एकसारखे, जणू एकाच शाळेच्या गणवेशातली पोरं. दुसऱ्या बाजूला एका कप्प्यात हातानं केलेले सुटे मणी, नगाला साठ रुपये. मी बी.कॉम. असल्यामुळं लगेच भागाकार केला. सेटमधला मणी तीन रुपयांना पडतो, सुटा साठाला. म्हणजे एका सुट्या मण्यात सेटमधले वीस येतात.

“एवढा फरक कशाचा?” मी विचारलं.

तुळशीबागेत गिऱ्हाईक पुरुष असला की दुकानदार भाव कमी करत नाहीत, माहिती जास्त देतात. त्यानं सेटमधला मणी दिव्याकडं धरला. “हा साच्यातला. काच मऊ करून साच्यात दाबतात. बारीक बघा, मधून शिवण दिसते. हजार काढा, हजार सारखे. आणि हा हातचा. आपल्याकडं उत्तर प्रदेशात बनारसला होतात, हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर म्हणून गाव आहे, तिथं होतात. ज्योतीवर काचेची कांडी धरायची, काच पाघळली की मातीचा लेप दिलेल्या लोखंडी तारेवर ती गुंडाळायची. हातानं तार फिरवत राहायचं. हात जरा अडखळला की मणी वाकडा. निवल्यावर तार काढून घेतली की राहतं ते भोक. लेप नसला तर मणी तारेला चिकटून बसतो, निघत नाही. आणि निवू द्यायचा तोही सावकाश. तापली काच एकदम गार केली की तडकते.”

शेवटचं वाक्य मी संसारोपयोगी म्हणून मनात टिपून ठेवलं.

मग त्यानं मला पारख शिकवली. मण्यात हवेचे बुडबुडे असले तर त्यांची दिशा बघायची. ते भोकाभोवती गोल फिरलेले असतील, तर मणी तारेवर गुंडाळलेला. भोकाला समांतर लांबट असतील, तर आधी काचेची लांब नळी ओढून तिचे तुकडे केलेले. भोकाच्या कडेवरून नख फिरवून बघायचं. कड धारदार असली तर ती महिन्याभरात दोरा कापते, मग वर रंग कितीही सुंदर असो. कानातल्यासाठी हातचे मणी हवे असतील तर दोन मागायचे नाहीत, दहा मागायचे आणि त्यांतले त्यातल्या त्यात भाऊ वाटतील असे दोन निवडायचे. हातचा माल आवडला तर दोनचार जास्तीचे घेऊन ठेवायचे, कारण पुढच्या खेपेला काचेचा तोच रंग येईल याची हमी कारागीरसुद्धा देत नाही.

“मग सेट वाईटच म्हणायचा?”

“छे! सेटचं तेज वेगळं. माळ गळ्याशी सरळ बसते, कुठं उंचसखल नाही. आणि एक मणी हरवला तर हुबेहूब दुसरा मिळतो. सुट्याचं तसं नाही. तो गेला की गेला.”

मला आमच्या बँकेतल्या सह्या आठवल्या. चेकवरची सही आम्ही नमुन्याशी ताडून पाहतो. नव्या माणसाला वाटतं, सही जितकी हुबेहूब तितकी अस्सल. मी नवा असताना एका जुन्या हेडक्लार्कनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “जरा इकडंतिकडं असली तर घाबरू नकोस, माणसाचा हात आहे. पण दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर खुर्चीतून उठ. ती गिरवलेली आहे!” हातचा मणी म्हणजे तशी सही होती. थोडी चुकलेली, म्हणून खरी.

“किती देऊ?” दुकानदारानं विचारलं.

आणि मी पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊन पडलो. किती कमी आहेत तेच माहीत नव्हतं.

“मग आधी पटवेकऱ्याकडं जा,” तो म्हणाला. “दोरा असेल तर तो सांगेल.”

दोरा होता. माळ तुटली त्याच रात्री आईनं तुटका दोरा कागदात गुंडाळून ठेवला होता. हिनं तो टाकायला घेतला तेव्हा आईनं फक्त “असू दे” म्हटलं होतं.

आमचा पटवेकरी रविवार पेठेत एका सराफाच्या पायरीशी बसतो. सराफाचं दुकान मोठं, त्याची बैठक दीड फुटाची. पण सराफाचा दागिना गळ्यात पडायचा तर त्याला आधी या दीड फुटातूनच जावं लागतं. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून तो कुणाचं तरी मंगळसूत्र गाठवत होता. मी पुडी सोडली. त्यानं मण्यांकडं पाहिलंही नाही. आधी दोरा उचलला.

“हे बघा, साहेब. मण्यांच्या दोन टोकांना दोन गाठी असतात. गाठींच्या बाहेरचा दोरा घामानं काळा पडलाय. आतला लालचा लाल आहे, कारण त्याच्यावर मणी होते.” त्यानं लाल भागावर चोवीस मणी एकापुढं एक मांडले. शेवटी तीन बोटं लाल दोरा मोकळा उरला. “तीन गेलेत. मापानं साडेतीन निघतात, पण अर्धा मणी नसतो.”

मी थक्क झालो. सगळा हिशेब दोऱ्यावर लिहिलेला होता आणि आम्ही तो मण्यांत शोधत होतो.

“मग तीन आणतो. सेटमधले आणू की सुटे? माळ मुळात सेटचीच आहे म्हणून विचारतो.”

पटवेकऱ्यानं प्रथमच मान वर केली. “सेट? हा सेट नव्हेच!”

“म्हणजे?”

त्यानं मण्यांचे ढीग करायला सुरुवात केली. “ह्याला शिवण आहे, साच्यातला. हा तारेवरचा. हाही तारेवरचा, पण कारागीर दुसरा. ह्याचं भोक बघा केवढं. हा नळीचा. ह्याचा निळा हिरव्याकडं जातो, ह्याचा जांभळ्याकडं.” ढीग दहा झाले. “निदान दहा ठिकाणचे मणी आहेत, साहेब. कुणीतरी वेळोवेळी एकेक, दोनदोन आणलेत. एकदम घेतलेले नाहीत. पण ज्यानं आणले तो माणूस निळा सांगितलेलं विसरला नाही.”

मी पायरीवर बसलो. छेचाळीस वर्षं ज्या माळेकडं मी बघत होतो, ती मी पाहिलीच नव्हती.

पूर्वी माझी बदली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होती. एका रविवारी तेरचं वस्तुसंग्रहालय बघायला गेलो होतो. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं नावाजलेलं व्यापारी गाव. तिथं उकरून काढलेले जुने मणी काचेच्या पेटीत ठेवले आहेत. तेव्हा मी ‘मणी आहेत’ असं म्हणून पुढं गेलो आणि जेवायला कुठं मिळेल याची चौकशी केली. ते मणी कुणाच्या गळ्यात होते आणि कुणी आणून दिले होते, हे विचारण्याचं मला सुचलं नव्हतं. मी ही गोष्ट पटवेकऱ्याला सांगितली. तो म्हणाला, “मणी राहतो, साहेब. दोरा राहत नाही. म्हणून तर आमचं पोट भरतं.”

घरी आलो तेव्हा आई मटार सोलत बसली होती.

“आई, ती माळ बाबांनी आणली कुठून?”

“कुठून म्हणजे? सगळीकडून.”

“मग तू कधी बोलली नाहीस!”

“कधी विचारलंस?”

यावर उत्तर नव्हतं. मीही मटार सोलायला बसलो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. स्वारगेट डेपो. लग्न झालं १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी सोन्याचं नाव काढायची सोय नव्हती. लग्नानंतर आईनं कुणाच्या तरी गळ्यात निळ्या मण्यांची माळ पाहिली आणि नुसतं “छान आहे” म्हटलं. पुढच्या महिन्यात बाबा वस्तीची गाडी घेऊन पंढरपूरला गेले आणि येताना एक मणी घेऊन आले. एकच. तो आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “एवढा घे. बाकीचे तिकिटामागं लिहून देतो.”

ज्यांनी त्या काळी एसटीतून प्रवास केला आहे, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. कंडक्टरकडं सुटे नसले की तो उरलेली रक्कम तिकिटाच्या मागं लिहून द्यायचा आणि उतरताना मागून घ्यायची असायची. निम्मी माणसं मागायची विसरायची.

“तू विसरली नाहीस ना?” मी विचारलं.

“मला मागावंच लागलं नाही,” आई म्हणाली. “ते लोकांना दिवसभर ‘सुटे द्या, सुटे द्या’ म्हणायचे ना, त्यांच्याकडं सुटेच असायचे. एकदम काही घ्यायला पैसे कधी नसायचे. एक मणी घेण्यापुरते असायचे.” तिनं पुडीतला एक मणी उचलून उजेडात धरला. “हा जेजुरीचा. नाही, जेजुरीचा तो. हा तुळजापूरचा असेल. की ज्योतिबाचा?” मग तिनं मणी परत पुडीत टाकला. “जाऊ दे. एसटीचा!”

मी उठून अल्बम काढला. बारशाला सात, मुंजीला सोळा, बहिणीच्या लग्नाला पंचवीस आणि पदराआड बाकीचे. फोटोग्राफरची काही चूक नव्हती. तो अल्बम नव्हताच, पासबुक होतं. सगळ्या जमेच्याच नोंदी. काढलेले म्हणून कुठंच नाहीत. आणि बँकेत नोकरी करणाऱ्या मला ते वाचता आलं नव्हतं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. रात्री म्हणाली, “सेट नको. तीन सुटेच आणा.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “पण नंतर घातलेले ओळखू येणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.”

“येऊ देत,” मी म्हणालो, आणि तिला चांदणीच्या नोटांची गोष्ट सांगितली. नोटा छापताना एखादी खराब निघाली, तर तिच्या जागी पाकिटात दुसरी घालतात. २००६ सालापासून अशा बदली नोटेच्या क्रमांकात एक चांदणी छापायला सुरुवात झाली. २०२३ साली या नोटा खोट्या असल्याची अफवा उठली आणि माझ्या काउंटरवर लोक त्या परत करायला आले. शेवटी रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला, की चांदणीची नोट बाकीच्या नोटांइतकीच खरी आहे. ती दुसऱ्याच्या जागी आलेली आहे एवढंच, आणि ते ती लपवत नाही.

“म्हणजे माझ्यासारखी,” ही म्हणाली. “मीही बाहेरूनच आलेय तुमच्या पाकिटात.”

काच तापली की सावकाश निवू द्यावी, हे आठवून मी काही बोललो नाही. पण ती हसत होती.

रविवारी आम्ही चौघं तुळशीबागेत गेलो. आईला स्टुलावर बसवलं. दुकानदारानं सुट्या मण्यांचा कप्पाच पुढं ठेवला. आईनं एकेक मणी दिव्याकडं धरला, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं (तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही), वीस मिनिटांनी एक बाजूला काढला आणि साठाचे पंचावन्न केले.

“आणखी दोन,” मी म्हणालो.

“दोन कशाला?”

“तीन कमी आहेत, आई.”

“मग? सगळे आजच कशाला? तुझ्या बाबांनी कधी एकदम आणले होते? आता एक घे. पुढच्या वाढदिवसाला एक. त्याच्या पुढच्या वाढदिवसाला एक.”

मी हिच्याकडं पाहिलं, हिनं माझ्याकडं. पंच्याहत्तराव्या वर्षी आईनं आमच्या नावानं रिकरिंग उघडलं होतं आणि मुदत तिनं स्वतःच ठरवली होती. बँकेत अशा वेळी आम्ही ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त देतो. मी मुकाट्यानं पंचावन्न रुपये मोजले. सुटे. दुकानदार खूश झाला.

त्या गडबडीत हिनं साच्यातल्या मण्यांची एक लड आणि जोडीचं कानातलं घेतलं. ते तिला फार छान दिसतं, हे इथं नमूद करतो. कारण हा लेख ती वाचणार आहे, आणि दुसरं म्हणजे ते खरं आहे.

वाढदिवसाला आईनं पंचवीस मण्यांची माळ घातली. नवा मणी आठव्या नंबरचा. तो ओळखू येतो. खरं म्हणजे एकदा कळल्यावर आता सगळेच ओळखू येतात.

चार दिवसांनी वॉशिंग मशीनच्या खालून एक मणी निघाला. हरवलेल्या तिघांपैकी एक. मी धावत आईकडं नेला. आमच्याकडं कॅश कमी भरली तर वाईट, पण जास्त भरली तर त्याहून वाईट. ती कुणाची हे कळेपर्यंत तिला वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं. आईनं मणी बघितला, ओळखला आणि माझ्या हातावर परत ठेवला.

“हा असू दे तुझ्याकडं. पुढच्या वर्षीचा.”

“अगं, पण हा आपलाच आहे. आत्ताच ओवून टाकू.”

“पुढच्या वर्षीचा,” आई म्हणाली.

तेव्हापासून तो मणी माझ्या पेन ठेवण्याच्या डबीत, काउंटरवर असतो. पंढरपूरचा, जेजुरीचा की नुसताच एसटीचा, कोण जाणे. दुपारी गर्दी ओसरली की मी तो दिव्याकडं धरून बघतो. आत दोनतीन बुडबुडे आहेत, भोकाभोवती गोल फिरलेले.

परवा असाच बघत बसलो होतो. खिडकीत एक गृहस्थ आले. पाचशेची नोट आत सरकवून म्हणाले,

“सुटे आहेत का हो?”

“एक आहे,” मी म्हणालो. “पण तो देता येणार नाही.”